परळच्या औषधशास्त्र विभागाची कैफियत

संस्थांचे इतिहास बहुधा त्या संस्थांच्या भिंतींच्या आत बसून लिहिले जातात, आणि म्हणून त्यांत कोनशिला, इमारती, अधिष्ठात्यांच्या तसबिरी व सत्कारसमारंभ यांचीच गर्दी होते. परंतु ज्या संस्थेच्या दारात दूरदूरच्या मुलखांतून माणसे जिवाच्या आशेने येत राहिली, तिचा इतिहास त्या मुलखांतूनही कधी लिहिला जावा, असे वाटल्यावरून हे प्रकरण नांदेडला बसून लिहिले जात आहे. शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय, म्हणजे सर्वतोमुखी असलेले 'केईएम', यांच्या शंभर वर्षांच्या वाटचालीपैकी येथे फक्त एकाच धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे: यकृत आणि मूत्रपिंड या दोन अवयवांच्या विकारांवर औषध शोधण्याचे, किंबहुना औषध म्हणून मिरवणाऱ्या गोष्टींची सत्यासत्यता पारखण्याचे, जे काम तेथील औषधशास्त्र विभागात झाले, त्याचा.

आमच्या भागाचा या संस्थेशी संबंध तसा उशिरा आला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड निजामाच्या अंमलाखाली होते, आणि दुखणे हाताबाहेर गेले की माणसाने मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाची वाट धरावी, हा शिरस्ता होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, सरकारी दप्तराचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले, आणि त्यामागोमाग रोग्यांचेही वळले. मीटर गेजच्या गाडीने मनमाड गाठावे, तेथे बोचकी उचलून रुंद रुळांच्या गाडीत चढावे, दादरला उतरून गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत पथारी टाकावी आणि सकाळी परळच्या बाह्यरुग्ण विभागापुढील रांगेत उभे राहावे, असा तो प्रवास असे. 1956 सालीच औरंगाबादला, 1974 साली अंबाजोगाईला, 1988 साली नांदेडला आणि पुढे लातूरला वैद्यकीय महाविद्यालये निघाली, तेव्हा ही रांग काहीशी ओसरली. पण डोळ्यांत हळद उतरलेले आणि पायांवर सूज चढलेले रोगी 'आता मुंबईला न्या' या सल्ल्यानिशी गाडीत बसत आलेच.

1926 साली ही संस्था स्थापन झाली तेव्हा देणगीदारांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे: महाविद्यालयातील अध्यापकवर्ग हिंदी असावा, आणि तो सरकारी नोकरीतील नसावा. सरकारी वैद्यकसेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांखेरीज वैद्यक शिकविण्यास कोणी लायकच नाही, अशी तजवीज असलेल्या काळातील ही अट केवळ स्वाभिमानाची होती असे समजणे अपुरे होईल. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, यांच्यापासून जी परंपरा सुरू झाली, तिच्यात एतद्देशीय औषधींकडे तुच्छतेने न पाहण्याची मोकळीक आपोआपच आली. ज्या माणसाच्या घरी आजीने काढा उकळला आहे, त्याला त्या काढ्याविषयी दोनच भावना सहज होतात, भक्ती किंवा संकोच. संस्थेने तिसरी वाट पत्करली, आणि ती तराजूची होती. याच रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम पन्नास रोग्यांच्या नोंदींसह प्रसिद्ध केला आणि हिंदुस्थानातील एका मुळीची जगाला दखल घ्यावी लागली. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब हा मूत्रपिंडाचा जुना वैरी असल्यामुळे आपल्या कैफियतीचा आरंभही येथूनच धरण्यास प्रत्यवाय नसावा.

वकिलांचे काम एकट्या प्रज्ञावंत चिकित्सकाचे होते. त्याला विभागाचे, म्हणजे रीतीचे, रूप दिले ते डॉ. यू. के. शेठ यांनी. औषधशास्त्र म्हणजे बेडकाचे हृदय, सशाचे आतडे आणि फिरत्या ढोलावर काजळीच्या कागदावर उमटणारी रेघ, एवढीच ज्या काळी विद्यार्थ्यांची समजूत असे, त्या काळी रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहून औषधाची मात्रा, त्याचा शरीरातील प्रवास आणि त्याचे अपाय मोजण्याची शाखा आपल्या देशात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रगण्य आहे. दादकर आणि कामत यांच्यासह त्यांनी लिहिलेले प्रायोगिक औषधशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक 1972 साली कोठारी बुक डेपोने काढले, आणि आमच्या भागात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये निघाली तेव्हा कित्येक प्रयोगांच्या कृती त्याच पुस्तकातून उतरवून घेतल्या गेल्या. उंदराच्या पोटात औषध किती द्यावे, तुलनेसाठी किती उंदीर बिनऔषधाचे राखावेत, या नीरस बाबींचा बंदोबस्त ज्याने केला, त्याचे नाव सहसा स्मरणिकेत ठळक होत नाही. ते येथे व्हावे.

आता काविळीकडे वळू. आमच्या जिल्ह्यात काविळीचा इलाज सांगणारा माणूस नाही असे गाव शोधून सापडणार नाही: कोणी भुईआवळीचा रस देतो, कोणी नाकात थेंब सोडतो, कोणी मंत्राने उतरवतो, आणि गंमत अशी की बहुतेकांचे रोगी बरे होतात. दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे ज्यांस हिपॅटायटिस ए व ई म्हणतात ते विकार, निरोगी माणसात बहुधा काही आठवड्यांत आपल्या पायांनीच निघून जातात. त्यामुळे त्या आठवड्यांत जो कोणी रोग्याच्या उशाशी होता, त्याच्या पदरात यश पडते. हे यश खोटे आहे असे म्हणता येत नाही आणि खरे आहे असेही म्हणता येत नाही, आणि नेमक्या याच पेचातून सुटण्यासाठी तुलनेची पद्धत जन्माला आली, जिच्यात अर्ध्या रोग्यांना औषध आणि अर्ध्यांना त्याच्याचसारखी दिसणारी निष्क्रिय गोळी मिळते, व कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही.

मुंबईत अंतरकर, वैद्य प्रभृती संशोधकांनी आरोग्यवर्धिनीची अशी द्विअंध चाचणी तीव्र काविळीच्या रोग्यांवर घेतली आणि ती 1980 साली प्रसिद्ध झाली. नांदेडला शासकीय आयुर्वेद रसशाळा असल्यामुळे भस्म, कज्जली आणि गुटी हे शब्द येथील बाजारालाही अपरिचित नाहीत, आणि आरोग्यवर्धिनीत पारा, गंधक, ताम्र व लोह यांच्या जोडीला निम्म्या वजनाची कुटकी असते, हे येथील वैद्यांस सांगावे लागत नाही. तेव्हा या अनेक घटकांच्या गुटीत काम करते ते कोण, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ कुटकीच्या मुळीचे चूर्ण, 375 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे पंधरा रोग्यांस दिले आणि अठरांस निष्क्रिय गोळी. हा निबंध 1996 साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये, म्हणजे या संस्थेच्याच अध्यापकमंडळाने 1955 पासून चालविलेल्या नियतकालिकात, छापून आला. रक्तातील बिलिरुबिन 2.5 मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास कुटकीच्या गटात सरासरी 27 दिवस लागले आणि दुसऱ्या गटात जवळजवळ 76. फरक मोठा आहे. तथापि निष्क्रिय गोळीच्या गटातील माणसांची कावीळ अडीच महिने का रेंगाळली, ही शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि तेहतीस रोग्यांच्या बळावर तिचे निरसन होत नाही. मद्रासच्या त्यागराजन यांनी 1988 साली 'लॅन्सेट'मध्ये भुईआवळीने हिपॅटायटिस बी-च्या 59 टक्के वाहकांच्या रक्तातील विषाणूचे चिन्ह नाहीसे झाल्याचे लिहिले, तेव्हाही देशभर हर्ष झाला होता; इतरत्र केलेल्या चाचण्यांतून त्याला दुजोरा मिळाला नाही. एकदा मिळालेल्या निकालाची पुनःपुन्हा रुजवात घालावी लागते, हे आपल्याकडे अजून अंगवळणी पडावयाचे आहे.

परळच्या विभागाचे सर्वांत लक्षणीय काम गुळवेलीवरचे आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी डॉ. शरदिनी डहाणूकर आहेत. मराठी वाचकांस त्या 'फुलवा' आणि 'वृक्षगान' यांच्या लेखिका म्हणून परिचित आहेत, आणि झाडांविषयी इतक्या लडिवाळपणे लिहिणारी बाई प्रयोगशाळेत त्याच झाडांना इतक्या निष्ठुरपणे जबानीला उभी करीत असेल, यावर त्यांच्या वाचकांचा विश्वास बसणे कठीणच. कार्बन टेट्राक्लोराइड या विषाने उंदराचे यकृत बिघडवून त्यावर गुळवेलीचा काय परिणाम होतो, हा रेगे, डहाणूकर व करंदीकर यांचा निबंध 1984 सालचा. पण केवळ 'यकृतरक्षक' एवढी पदवी वेलीला बहाल करून ही मंडळी थांबली असती, तर त्यांचे काम देशातील तसल्या शेकडो निबंधांत हरवून गेले असते. त्यांना पुढचा प्रश्न शल्यकक्षातून मिळाला.

तो प्रश्न असा. पित्तनलिकेच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाने पित्ताची वाट बंद झाली म्हणजे जी अवरोधजन्य कावीळ होते, तिच्यात रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर फारसे दगावत नाहीत. दगावतात ते नंतर. पित्त आतड्यात न उतरल्यामुळे के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठेनासे होते. आतड्यातील जंतूंची विषे पित्तक्षारांचा अटकाव नसल्याने रक्तात शिरतात. त्यांना पकडण्यासाठी यकृतात ज्या कुफर पेशींचा पहारा असतो, तो पहाराच ढिला पडलेला असतो. मग जंतुदोष सर्वांगात पसरतो आणि मूत्रपिंडेही काम टाकतात. यकृत आणि मूत्रपिंड हे दोन अवयव पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत असले तरी मृत्यूच्या दाखल्यावर ते असे एकत्र येतात. त्या काळी उपाय होता तो कातडीतून यकृतात नळी घालून कोंडलेले पित्त काही आठवडे बाहेर काढण्याचा. जठरांत्र शल्यविशारद डॉ. रवी बापट, ज्यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' या पुस्तकाने हे रुग्णालय मराठी घराघरांत पोहोचविले, यांच्या विभागातील या रोग्यांची व्यथा औषधशास्त्रज्ञांपुढे आली, आणि यकृत सुधारण्याऐवजी त्या ढिल्या पहाऱ्याला जाग आणता येईल काय, अशी मसलत सुरू झाली.

आधी उंदरांवर आतड्याचा भाग बांधून पोटात जंतुदोष निर्माण करण्याचे व गुळवेलीने त्यातून किती जगतात हे पाहण्याचे प्रयोग झाले, डॉ. ऊर्मिला थत्ते यांचा त्यांत मोठा वाटा होता. मग 1993 साली रेगे, बापट, कोटी, देसाई व डहाणूकर यांचा तीस रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदांना नेहमीचा उपचार, म्हणजे के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि पित्ताची नळी. सोळांना त्याखेरीज गुळवेल, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 16 मिलिग्रॅम. पहिल्या गटातील निम्म्या रोग्यांत रक्तदोषाची लक्षणे दिसली, दुसऱ्यात एकाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यात 40 टक्के, दुसऱ्यात 92.4 टक्के. आणि या निबंधातील माझ्या मते सर्वांत मोलाचे वाक्य ते आहे, ज्यात नळी घातल्यानंतर यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले, असे स्वच्छ नमूद केले आहे. ज्या वेलीच्या यकृतगुणांविषयी याच विभागाने नऊ वर्षे आधी लिहिले होते, तिने येथे यकृताचे आकडे हलविले नाहीत, हलविली ती पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची ताकद, हे दडवून ठेवण्याचा मोह कोणाही उत्साही संशोधकास झाला असता. दोन वर्षांनी याच मंडळींनी पित्ताच्या नळीलाच फाटा देता येईल काय, असा धीट प्रश्न मथळ्यातच घालून पुढचा निबंध लिहिला.

कुफर पेशींचा पहारा मोजावयाचा कसा, याची रीत मोठी मनोवेधक आहे. उंदराच्या शिरेत कार्बनचे अतिसूक्ष्म कण असलेला शाईसारखा द्रव सोडावयाचा आणि ठरावीक मिनिटांनी रक्ताचा थेंब घेऊन त्यातील काळेपणा मोजावयाचा. यकृतातील पेशी जितक्या तत्पर, तितके रक्त लवकर निवळते. 1994 साली नागरकट्टी व सहकाऱ्यांनी बारा आठवडे घोड्याचा रक्तद्रव टोचून उंदरांचे यकृत जीर्ण केले, तेव्हा कार्बनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास पूर्वी जी साधारण साडेनऊ मिनिटे लागत ती चौदांवर गेली. नवव्या आठवड्यापासून गुळवेल दिलेल्या उंदरांत ती पुन्हा मूळ पदाकडे सरकू लागली. पावणेपाच मिनिटांचा हा फरक हस्तगत करण्यासाठी तीन महिने उंदीर सांभाळावे लागतात.

मूत्रपिंडाच्या बाबतीत संस्थेचे नाव आधी शस्त्रक्रियेने झाले. मे 1965 मध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी येथे मृतदेहातून घेतलेल्या मूत्रपिंडाचे रोपण केले, आणि ते देशातील पहिले मूत्रपिंडरोपण होय. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण वेल्लोरला 1971 साली झाले. पुढे डॉ. विद्या आचार्य यांनी येथील मूत्रपिंडविकार विभाग नावारूपास आणला. परंतु औषधशास्त्राने मूत्रपिंडासाठी जे केले, त्याचे स्वरूप वेगळे आहे: मूत्रपिंड बरे करणारे औषध सापडणे दुर्घट असले तरी मूत्रपिंड बिघडविणाऱ्या औषधाला माणसाळविणे शक्य असते.

अँफोटेरिसिन-बी हे असे औषध. बुरशीच्या घातक संसर्गावर आणि काळ्या आजारावर ते रामबाण, पण बुरशीच्या आवरणाला ते ज्या रीतीने भोके पाडते, त्याच रीतीने मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांनाही इजा करते, आणि कित्येकदा बुरशी हटते तोवर रोग्याचे क्रिएटिनीन चढलेले असते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांच्या सहकार्याने डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली परळच्या चिकित्सालयीन औषधशास्त्र विभागाने हे औषध स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद करून दिले, ज्यायोगे ते बुरशीपर्यंत पोहोचावे आणि वाटेत मूत्रपिंडास कमी झळ लागावी. परदेशी बनावटीच्या अशाच औषधाची किंमत आपल्या रोग्यांच्या आवाक्याबाहेर होती. येथील बनावट पुढे 'फंगीसोम' या नावाने बाजारात आली, आणि ती शिरेतून देण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या पाण्याच्या टाकीत बाटली ठेवून पिशव्यांचा आकार नेमका करून घ्यावा लागतो, हा थोडा खटाटोप परिचारिकांनी पत्करला. 2021 च्या उन्हाळ्यात करोनामागोमाग म्युकरमायकोसिसची साथ आली, नांदेड-लातूरकडे लायपोसोमयुक्त इंजेक्शनासाठी नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरू लागले, आणि जेथे ते मिळाले नाही तेथे जुने साधे औषधच मिठाचे सलाइन आधी चढवून, दररोज पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासत द्यावे लागले, तेव्हा या जुन्या संशोधनाचा अर्थ ग्रंथालयाबाहेरच्या माणसांसही समजला.

त्याच साथीत गुळवेलीचीही दुसरी बाजू उजेडात आली. प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या हव्यासाने घराघरांत महिनोन्महिने काढे उकळले गेले, आणि सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला दाह झालेले सहा रोगी नोंदवून 2021 साली ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली: वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्याशी साम्य असलेली, टिनोस्पोरा या तिच्याच वंशातील दुसरी वेल, याची खात्री केली गेली नाही. हरकत अगदीच गैरवाजवी नव्हती. परंतु बाजारातील रोगी तरी वनस्पतिशास्त्रज्ञाचा दाखला घेऊन कोठे काढा पितो? किनवट-माहूरच्या रानातून येणारी वेल कोणती, ती कडुनिंबावर चढलेली की आणखी कशावर, किती दिवस वाळवलेली, याचा काडीचाही हिशेब आमच्या बाजारात ठेवला जात नाही. शिवाय जी वेल सुस्त पांढऱ्या पेशींना चेतविते, तीच एखाद्या शरीरात त्या पेशींना स्वतःच्याच यकृतावर सोडू शकेल, ही शक्यता डहाणूकरांच्या आकड्यांशी विसंगत नाही, उलट त्यांच्याशी जुळणारी आहे. 16 मिलिग्रॅम प्रतिकिलो, मोजक्या आठवड्यांपुरते, शस्त्रक्रियेच्या रोग्यास, देखरेखीखाली: त्या निबंधातील या चारही अटी गाळून केवळ 'केईएमने सिद्ध केले' एवढेच जाहिरातींनी उचलले, आणि हा संस्थेवरील अन्याय आहे.

या दप्तरातील एक पान मात्र आमच्या मुलखासाठी अजून कोरे आहे. खरिपाच्या दिवसांत सोयाबीनच्या कापणीत घोणस चावलेला शेतकरी तालुक्याच्या दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टर एका कोरड्या स्वच्छ काचनळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवतात आणि मग तिरपी करतात. रक्त अद्याप पाण्यासारखे वाहिले की विष भिनले असे ठरते. परळला केईएमच्या शेजारीच, त्याच आचार्य दोंदे मार्गावर, 1899 साली स्थापन झालेली हाफकिन संस्था आहे आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरचे प्रतिविष तेथे पिढ्यान्पिढ्या तयार होत आले. प्रतिविषाने रक्त पुन्हा गोठू लागते. पण दवाखान्यात पोहोचण्यास उशीर झाला असेल तर मूत्रपिंडाला बसलेला धक्का त्याने परत फिरत नाही, आणि मग लघवी सुटेपर्यंत डायलिसिस करीत राहण्यापलीकडे आज उपाय नाही. देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूच्या इरुला सहकारी संस्थेकडील सापांचे असते, आणि प्रदेशागणिक घोणशीच्या विषात फरक पडतो, हे आता संशोधकांत मान्य झाले आहे. मराठवाड्यातील घोणशीचे विष कोणत्या घटकांचे, त्याने मूत्रपिंडाच्या नलिका नेमक्या कशाने मरतात आणि त्या घटकास अडविणारे औषध पहिल्या तासात तोंडाने देता येईल काय, हे प्रश्न परळच्या रीतीने, पण नांदेड, लातूर व अंबाजोगाईच्या औषधशास्त्र विभागांतूनच विचारले गेले पाहिजेत, कारण ते रोगी मनमाडपर्यंतसुद्धा पोहोचण्याच्या अवस्थेत नसतात.